दोन आसनांची गाडी

बेलापूर म्हटले की मुंबईकडील वाचकांच्या डोळ्यांपुढे नव्या मुंबईतील उंच इमारती उभ्या राहतात. आमचे बेलापूर ते नव्हे. आमचे बेलापूर अहिल्यानगर जिल्ह्यातले, श्रीरामपूर तालुक्यातले, प्रवरेच्या काठचे. लोहमार्ग आला तेव्हा दौंड-मनमाड मार्गावरील स्थानकाला आमच्या गावाचे नाव मिळाले. स्थानक मात्र उभे राहिले ते गावापासून दूर, जेथे पुढे श्रीरामपूर शहर वाढले तेथे. त्यामुळे बेलापूरच्या माणसाला आगगाडीतून बेलापूरला उतरल्यावरही बेलापूर गाठण्यासाठी दुसरे वाहन लागे. वाहनाचे महत्त्व आमच्या गावाला असे पहिल्यापासून पटलेले आहे.

वाहन आले की त्याची सजावट आलीच. बैलगाडीच्या काळात गाडीत कडब्याची गादी, तीवर गोधडी, बैलांच्या पाठीवर झूल आणि गळ्यात घुंगरमाळ असा थाट असे. घुंगरमाळ केवळ शोभेची नव्हती. काळोख्या रात्री अरुंद वाटेवर समोरून येणाऱ्याला ती सावध करी, आणि घरच्या माणसांना आपली गाडी वेशीत आली हे दूरवरून कळे. प्रत्येक जोडीच्या माळेचा नाद निराळा असे व जाणती माणसे नादावरून गाडी ओळखीत. बसायला मऊ जागा आणि ऐकायला गोड नाद, या दोन्ही हौशी आमच्या भागात मोटारीच्या फार आधीपासून आहेत.

आज ती हौस उसाच्या ट्रॅक्टरवर चढली आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आमच्या रस्त्यांवरून रात्रंदिवस जातात. चालकाच्या डोक्यावर टप, टपाला झालर, आसनावर रंगीत खोळ आणि मागच्या बाजूला माणूस मावेल एवढे स्पीकर. गाणे कोणते आहे ते कळण्याआधी त्याचा ठोका खिडकीच्या तावदानांना कळतो. याचे कारण साधे आहे. खालच्या पट्टीतल्या आवाजाच्या लहरी लांब असतात. भिंती त्यांना नीट अडवू शकत नाहीत. वरच्या पट्टीतले शब्द वाटेत विरतात आणि आपल्यापर्यंत पोहोचतो तो केवळ धडधडाट. आम्हीही कधी कधी चिडतो. परंतु कारखान्याच्या दारात रांगेत रात्र काढून पहाटे तीन वाजता ट्रॅक्टर हाकणाऱ्या पोराला झोप लागू नये म्हणून काही तरी आधार हवा असतो, हेही आम्ही जाणतो. त्याची घुंगरमाळ तीच.

आमच्या घरात जी गाडी आली ती मात्र यांपैकी कोणत्याच जातीची नव्हती. फेब्रुवारी 2020 मध्ये आमचा पुतण्या गोव्यातील नोकरी आटोपून घरी आला, तो एक जुनी स्पोर्ट्स कार चालवीत. तिचे नाव सॅन स्टॉर्म. सॅन मोटर्स या भारतीय कंपनीने गेल्या शतकाच्या अखेरीस ही छोटी मोटार बाजारात आणली होती. तिचे इंजिन फ्रान्सच्या रेनो कंपनीचे, 1149 सीसीचे. तिचे अंग लोखंडी पत्र्याचे नसून फायबरचे. टप कापडी, उघडता येणारा. अशा गाड्या फार थोड्या तयार झाल्या. आपल्याकडील पुष्कळ लोकांनी तिचे नावही ऐकलेले नसेल. बेलापूरच्या पेठेतून ती आली तेव्हा मुले तिच्यामागे धावली आणि म्हातारी माणसे ओट्यावर उठून उभी राहिली.

घरी आल्यावर सर्वांत आधी निघाला तो आसनांचा प्रश्न. या गाडीत दोनच माणसे बसतात. आमच्या घरात आम्ही नऊ जण. "मग बाकीच्यांनी काय करायचं?" असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, आणि त्यावर पुतण्याजवळ उत्तर नव्हते. मागे एक लहानसे आसन बसवून घ्यावे, अशी सूचना शेजाऱ्यांनी केली. परंतु मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तकात नमूद असलेल्या तपशिलांत मालकाला मन मानेल तसा बदल करता येत नाही. आसनांची संख्या हा त्यांपैकीच एक तपशील. गाडीला पंधरा वर्षे केव्हाच उलटून गेलेली. अशा खाजगी गाडीची पुन्हा तपासणी होऊन नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. तेव्हा आसने दोनच राहणार हे ठरले. त्यांच्यावरची गादी, खोळ, पायाखालचा गालिचा आणि आतला ध्वनिसंच एवढेच आपल्या हाती होते.

पुतण्याचा बेत असा होता की गाडी नगरला किंवा पुण्याला न्यावी, कुशनवाल्याकडून लाल चामड्याची आसने शिवून घ्यावीत आणि डिकीत एक मोठा सबवूफर बसवावा. तेवढ्यात 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी झाली. दुकाने बंद, रस्ते बंद. गाडी अंगणातल्या कडुनिंबाखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली आणि पुतण्या तिच्याकडे पाहत बसून राहिला. अखेर एके सकाळी तात्या म्हणाले, "आसनं काढून ओट्यावर आण. बघू."

तात्या म्हणजे आमचे थोरले बंधू, पुतण्याचे वडील. त्यांनी एका साखर कारखान्यात एकतीस वर्षे गिरणीपाशी काम केले. तेथे उसाचे तुकडे करणारी पाती, लाटांचा दाब, वाफेची यंत्रे यांच्या आवाजात शेजारच्याशी बोलायचे तर हातवारे करावे लागत. निवृत्त झाल्यापासून त्यांना ऐकू कमी येते. पण त्यांचे हात कारखान्यात घडलेले नाहीत. आमचे वडील मोटा शिवीत. विहिरीतून पाणी उपसणारी कातडी मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल की ती सतत ओली, सतत ताणलेली आणि काठावर सतत घासली जाणारी वस्तू. तिची शिवण उसवली की बागायतदाराचे पाणी थांबे. तरीही ती शिवणाऱ्याला ओट्यावर बसवण्याची रीत गावात नव्हती. वडिलांची रापी, आरी आणि दाभण एका गोणपाटात गुंडाळून तात्यांनी पन्नासहून अधिक वर्षे जपून ठेवले होते. विजेचे पंप आले, मोटा गेल्या आणि त्या हत्यारांना काम उरले नाही. ती गुंडाळी त्या दिवशी सुटली.

आसने काढताच गालिच्याखालचे चित्र दिसले. जुन्या कापडी टपातून वर्षानुवर्षे झिरपलेले पाणी खालच्या नमद्यात मुरून त्याला बुरशी लागली होती. अंग फायबरचे असल्याने ते गंजत नाही. मात्र आसनांचे बोल्ट आणि सरकपट्ट्या लोखंडी, त्या गंजल्या होत्या. गाडीच्या आतील काम हाती घेताना पहिला नियम हाच: पाणी कोठून येते ते शोधून बंद केल्याशिवाय नवा गालिचा अंथरू नये. आमच्या घरच्यांनी दोन दिवस पाइपाने टपावर पाणी सोडले आणि आत बॅटरी घेऊन बसलेला पुतण्या खडूने खुणा करीत राहिला. दारांच्या कडांचे रबर वाळून चिरले होते व टपाची एक शिवण उसवली होती. नमदा फेकून दिला, तळ धुऊन एप्रिलच्या उन्हात आठवडाभर उघडा ठेवला. आमच्याकडचे ऊन या कामी कोणत्याही यंत्राला हार जाणार नाही.

मग आसनांची खोळ उसवली. ती फाडायची नसते, टाका टाका उसवायची असते, कारण जुनी खोळ हाच नव्या खोळीचा खाका. प्रत्येक तुकड्यावर तात्यांनी आकडा घातला, कोणती कड कोणत्या कडेला भेटते त्याच्या तिरप्या खुणा केल्या, तुकडे जाड कागदावर ठेवून त्यांची नक्कल काढली. स्पोर्ट्स कारच्या आसनाला दोन्ही बाजूंनी उंच कडा असतात. वळणावर गाडी झुकली तरी माणूस घसरू नये, यासाठी. परंतु त्या कडांमुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत उतरणे आणि बाहेर येणे कठीण जाते. तात्या स्वतः रिकाम्या आसनात बसले, उठले, पुन्हा बसले आणि म्हणाले, "बाहेरची कड दोन बोटं कमी कर. वळणावर पडू नये हे खरं, पण आधी बसता तर आलं पाहिजे."

ते वाक्य आमच्या मनात राहिले. तोपर्यंत आम्ही सर्वजण गाडी कशी दिसेल याचा विचार करीत होतो. तात्यांनी ती कोणाला बसवील याचा विचार केला. गाडीच्या आतल्या सुधारणेचे सारे मर्म आम्हांला यात दिसते. बाहेरचा रंग पाहणाऱ्यासाठी असतो. आतले काम म्हणजे बसणाऱ्या माणसाचे माप घेणे होय.

टाळेबंदी शिथिल झाल्यावर जूनमध्ये सामान मिळू लागले. फोमचा कस त्याच्या घनतेवरून ठरतो. बाजारात 32 घनता, 40 घनता असे म्हणतात, त्याचा अर्थ घनमीटरला तितके किलो. हलका फोम हाताला मऊ लागतो, पण वर्षभरात बसतो. बैठकीला 40 चा व पाठीला त्याहून हलका असा आम्ही घेतला. चामड्याचा हट्ट पुतण्याने हळूहळू सोडला. उघड्या टपाच्या गाडीत, आमच्या भागातल्या उन्हात, चामडे तापते आणि तेलपाणी न मिळाल्यास तडकते. म्हणून मध्यभागी जाड सुती वीण असलेले कापड व घासल्या जाणाऱ्या कडांना चामडे, असा तोडगा निघाला.

घरच्या शिलाई यंत्राची सुई चामड्याच्या दोन पदरांतच अडकली. तात्यांनी यंत्र बाजूला सारले आणि मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया ओवल्या. आरीने भोक पाडायचे आणि त्या एकाच भोकातून दोन्ही सुया परस्परविरुद्ध दिशांनी काढून ओढायच्या. यंत्राच्या टाक्यात वरचा व खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण हळूहळू सुटत जाते. दोन सुयांच्या टाक्यात मात्र प्रत्येक भोकातून दोर दोनदा गेलेला असतो, आणि एका ठिकाणी तुटला तरी पुढचा टाका जागा सोडीत नाही. घोड्यांची खोगिरे अशीच शिवतात. जगातल्या अतिशय महागड्या मोटारींच्या कारखान्यांत चाकाच्या मुठीवरचे चामडे आजही कारागीर हाताने शिवतात, आणि गिऱ्हाईक त्या हातशिवणीचे जास्तीचे पैसे मोजते. ज्या कसबाला आमच्या गावाने ओट्याखाली बसवले, त्याची किंमत तेथे गाडीच्या दरपत्रकात लिहिलेली असते. दोन आसनांना तात्यांना सव्वा महिना लागला. या काळात त्यांना भेटायला येणारे लोक ओट्यावर त्यांच्या शेजारी बसून शिवण पाहत. त्यांत ज्यांच्या विहिरीवर आमच्या वडिलांची मोट चालत असे त्या घरातले नातूही होते. एकाने आपल्या मोटारीची आसने शिवून द्याल का, असे विचारले. तात्यांना ऐकू आले नाही, की त्यांनी ऐकले नाही, हे आम्हांला सांगता येणार नाही.

आता राहिला आवाज. मोटारीत संगीत ऐकण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी 1930 मध्ये मोटारीत बसेल असा रेडिओ विक्रीस आणला आणि मोटार या शब्दावरून त्याचे नाव मोटोरोला ठेवले. तेच पुढे त्यांच्या कंपनीचे नाव झाले. फिलिप्स कंपनीची कॅसेट 1963 मध्ये आली आणि काही वर्षांतच ती मोटारीत शिरली. आमच्या या गाडीत आधीच्या कोणा मालकाने बसवलेला एक कॅसेट प्लेअर होता, बंद पडलेला. पुतण्याला तो काढून तेथे पडद्याचा नवा संच बसवायचा होता. तात्यांनी एकच मागणी केली. कॅसेट वाजली पाहिजे.

कारण आम्हां सर्वांना ठाऊक होते. वहिनी 2011 साली देवाघरी गेल्या. त्यांचा गळा गोड होता. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत गाणाऱ्या बायकांत त्या असत. एका वर्षी, 1994 साली असावे, घरीच सरावाच्या वेळी कोणी तरी टेपरेकॉर्डर चालू ठेवला आणि त्यात त्यांचा आवाज उतरला. ती एक कॅसेट. पुतण्या समजुतीने म्हणाला, "तात्या, कॅसेटमधला आवाज मोबाइलमध्ये घेता येतो. मग ती झिजणारही नाही." त्याचे म्हणणे योग्यच होते आणि पुढे त्याने तसे केलेही. परंतु आवाज उतरवून घेण्यासाठीसुद्धा आधी कॅसेट नीट फिरली पाहिजे. म्हणून तो जुना प्लेअर उघडला गेला.

दरम्यान गाडीतले काम चालू होते. आवाज वाढवण्याआधी गोंगाट कमी करावा लागतो, हे येथे शिकायला मिळाले. दाराच्या आतल्या बाजूवर बोटाने टकटक करावी. पोकळ घुमणारा आवाज आला तर तेथे डांबराची किंवा ब्युटाइल रबराची जड पट्टी चिकटवावी. पट्टी आवाज अडवते असे नव्हे, ती त्या भागाला थरथरू देत नाही. त्यावर नमदा, मग गालिचा. एवढ्याने इंजिनाचा व चाकांचा घरघराट बराच खाली येतो, आणि जे आधी मोठ्याने लावावे लागे ते हळू लावले तरी ऐकू येते.

तारांच्या बाबतीत फायबरच्या गाडीचे तंत्र वेगळे आहे. लोखंडी गाडीत ऋण तार जवळच्या पत्र्याला कसली तरी भागते, कारण सारे अंग वीज वाहून नेते. फायबर वीज वाहत नाही. प्रत्येक उपकरणाची ऋण तार खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत किंवा थेट बॅटरीपर्यंत न्यावी लागते. ती सैल राहिली तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी एक बारीक शीळ स्पीकरमधून ऐकू येते. धन तारेवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज हवा. नाही तर पुढे कोठे तार घासून उघडी पडल्यास आग लागण्याचे भय. पत्र्याच्या भोकातून तार नेताना भोकाला रबरी कडे घालावे. या गोष्टी दिसत नाहीत. परंतु घरी काम करणाऱ्याने सर्वाधिक वेळ यांनाच द्यावा.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यांनी दिपून जाण्याचेही कारण नाही. हजाराच्या घरातला जो आकडा मोठ्या अक्षरांत छापतात तो क्षणभराच्या कमाल धक्क्याचा असतो. संच सातत्याने किती शक्ती देतो तो आरएमएसचा आकडा बारीक अक्षरांत असतो, आणि खरा तोच. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ 3 डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटावा यासाठी सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. हे गणित पुतण्याने वहीत मांडले, आणि सबवूफरचा विषय बाजूला पडला. त्याचे दुसरेही एक कारण होते.

तात्यांच्या कानांची तपासणी पूर्वी झाली होती. त्या कागदावरील आलेख आम्ही पुन्हा काढून पाहिला. खालच्या पट्टीत रेघ जवळपास सरळ, आणि 4000 हर्ट्झपाशी खोल दरीत उतरल्यासारखी. रोज आठ तास 85 डेसिबलहून मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसाच्या कानाचे हे ओळखीचे चित्र आहे. कानातील ज्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी वरच्या पट्ट्या टिपतात त्या आधी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. स्वर खालच्या पट्टीत असतात. स, श, त, फ यांसारख्या व्यंजनांची धार वरच्या पट्टीत. म्हणून अशा माणसाला कोणी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे हे कळत नाही. त्याच्यापुढे आपण ओरडतो तेव्हा आपले स्वर मोठे होतात, शब्द मात्र तितकेच अस्पष्ट राहतात. सबवूफर नेमका तोच भाग वाढवतो जो तात्यांना मुळातच ऐकू येतो. पुतण्याने तो कागद बराच वेळ हातात धरला. नंतर त्याने मोठ्या स्पीकरचा विचार सोडून डॅशबोर्डच्या दोन्ही कोपऱ्यांत, कानाच्या दिशेने तोंड करून, वरच्या पट्टीचे दोन छोटे स्पीकर बसवले व दारांत मध्यम आकाराचे दोन. गाडी दोनच आसनांची असल्याने शेजारी बसणाऱ्याच्या कानाचे अंतर मोजून मापून घेता आले. नऊ जणांच्या गाडीत हे जमले नसते.

प्लेअरमधला रबरी पट्टा विरघळून डिंकासारखा झाला होता. तो स्पिरिटने पुसून काढला, नवा घातला, आवाज टिपणारे डोके स्वच्छ केले. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या गतीने सरकली पाहिजे. गती थोडी जरी कमी झाली तरी गाणे नुसते सावकाश होत नाही, आवाज जडही होतो. मोटरच्या पाठीमागे एका बारीक भोकात गती लावण्याचा स्क्रू असतो. पुतण्याने ओट्यावर बॅटरी जोडून कॅसेट लावली. बायका गाऊ लागल्या, परंतु तो वहिनींचा आवाज वाटेना. स्क्रू किती फिरवावा? आम्हां प्रत्येकाचे मत निराळे. कोणी म्हणे ठीक आहे, कोणी म्हणे जास्त झाला. नऊ वर्षांत आम्ही तो आवाज विसरलो होतो, असे म्हणवत नाही. पण त्याची पट्टी आमच्यापैकी कोणालाच खात्रीने सांगता येईना.

तात्या शिवण खाली ठेवून स्पीकरजवळ येऊन बसले. त्यांनी तळवा स्पीकरच्या कडेवर टेकला. "वर घे," ते म्हणाले. पुतण्याने स्क्रू केसभर फिरवला. "अजून. तिचा आवाज असा जड नव्हता." आणखी केसभर. "आता जास्त झाला. मागं." दोन-तीन वेळा असे झाले आणि मग त्यांनी हात वर केला. आम्ही सर्वांनी ऐकले, आणि त्या क्षणी आम्हांलाही तो ओळखू आला.

बहिऱ्या माणसाने सूर लावावा याचे नवल वाटण्याचे कारण नाही, असे पुतण्या नंतर म्हणाला. बाईच्या बोलण्या-गाण्याचा मूळ सूर दोनशे-तीनशे हर्ट्झच्या आसपास असतो, आणि आलेखात तेथे तात्यांची रेघ शाबूत आहे. शास्त्र बरोबरच आहे. पण शाबूत कान तर आम्हां सर्वांचेच होते.

नोव्हेंबरात गाडी तयार झाली. तोवर गळिताचा हंगाम सुरू झालेला. एका सायंकाळी पुतण्याने टप उघडला, दार धरले आणि म्हणाला, "तात्या, आधी बसा, मग पाय आत घ्या." कमी केलेल्या कडेवरून ते सहज आत गेले. दोघे पाटाच्या रस्त्याने निघाले. पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या आणि त्यांचा तो धडधडाट. पुतण्या सांगतो की त्याने ट्रॅक्टर पुढे जाऊ दिला, काही वेळ थांबला, आणि रस्ता शांत झाल्यावर कॅसेट लावली. आवाज मोठा नव्हता. कॅसेट संपेपर्यंत तात्या काही बोलले नाहीत. मग पुतण्याने त्यांच्याकडे वळून, ओठ दिसतील असे, विचारले, "शब्द कळले का?"

"थोडे थोडे," तात्या म्हणाले. "चाल सगळी कळली."

ध्वनिक्षेपकांसंबंधीचे नियम 2000 साली झाले. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही त्यांतली मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास बंदी. आमच्या रस्त्यावर हे आकडे कोणाच्या खिजगणतीत नाहीत. तात्यांनी मात्र त्या हिवाळ्यात ट्रॅक्टर चालवणाऱ्या दोन पोरांना ओट्यावर बोलावून आपल्या कानाचा तो कागद दाखवला. उपदेश केला नाही. कागदावरच्या दरीवर बोट ठेवले आणि हे कारखान्याने झाले एवढेच सांगितले. त्यांपैकी एकाने चालकाच्या कानामागचा स्पीकर काढून खाली बसवला. दुसऱ्याने काही केले नाही.

गाडी आमच्याकडे अजून आहे. पुतण्या कामानिमित्त पुन्हा बाहेरगावी असतो. तो आला की ती निघते. घरातल्या माणसांनी फिरायला जाण्याचे पाळीपत्रक करून ते भिंतीवर लावले आहे, कारण एका वेळी चालकाखेरीज एकालाच जाता येते. प्रारंभी याची सर्वांना अडचण वाटली. आता प्रत्येकजण आपल्या पाळीची वाट पाहतो. नऊ जणांच्या घरात पुतण्याशी एकट्याने अर्धा तास बोलायला अन्यथा मिळते कोठे? तात्यांची पाळी रविवारची. आसनाच्या कडेवरचा एक टाका गेल्या पावसाळ्यात तुटला. शिवण जागची हलली नाही. तो घालण्यासाठी रापी, आरी आणि दाभण यांची गुंडाळी पुन्हा सुटली, आणि या वेळी दोन सुया कशा ओढायच्या ते आमच्या धाकट्या नातीने शिकून घेतले.